हमालाच्या खोलीचं छत

इमारत पडत नाही, अशी तक्रार धोकादायक इमारतींच्या विभागात त्याआधी कधी आली नव्हती. पडते आहे, पडेल, पडली, कालच्यापेक्षा आज जास्त वाकली, शेजाऱ्याची आमच्या अंगावर येईल, अशा नाना तऱ्हेच्या तक्रारी त्या खात्याच्या भिंतींनी ऐकलेल्या होत्या. त्यामुळे दुपारचा चहा टेबलावर निवत असताना पाडकामाचा मुकादम दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ती पडत नाही," तेव्हा साहेबांना आधी हसूच आलं.

साहेबांना सगळे टेकूसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. कुठल्याही इमारतीची पाहणी असो, ते खाली उभे राहून मान वर करत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "लावा टेकू." भिंत फुगली, लावा टेकू. जिना हलला, लावा टेकू. घर रिकामं करा म्हटलं की माणसं रडतात, पुढारी भांडतात, वर्तमानपत्रवाले फोटो काढतात. टेकू लावला की सगळे गप्प. घोंगडं भिजत ठेवण्याची याहून सोपी युक्ती नाही, आणि त्या युक्तीवर साहेबांची सारी नोकरी सुखात चालली होती.

"पडत नाही ही काय तक्रार झाली?" ते म्हणाले. "पडली की ये."

मुकादम हसला नाही. या माणसाने उभ्या आयुष्यात इतकी घरं पाडली होती की त्याची बायको त्याला घरातल्या भिंतीत खिळासुद्धा ठोकू देत नसे. भिण्यातला तो नव्हता. पण आज त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि हेल्मेट त्याने काखेत इतकं घट्ट धरलं होतं की जणू ते कुणी हिसकावून घेणार होतं.

त्याने सांगितलं ते असं. गोदामांच्या गल्लीतल्या त्या इमारतीचा मागचा भाग कोसळला होता, त्याचा ढिगारा उपसून झाला. पुढच्या भागाचे वरचे मजले माणसांनी हातांनी उतरवले. आता राहिली होती फक्त तळमजल्यावरची हमालाची खोली. तिच्या तडकलेल्या भिंती आणि त्यांच्यावर अर्धवट लोंबणारं छत. सकाळी यंत्र लावलं. यंत्राच्या हाताने छत वरून दाबलं.

"मग?"

"दाबलं की खाली जातं, साहेब. सोडलं की परत वर येतं."

"परत वर येतं म्हणजे?"

मुकादमाने खांदा उडवून दाखवला. "म्हणजे... पाठीवरचं ओझं घसरायला लागलं की माणूस एक हिसका देऊन सावरून घेतो ना... तसं."

त्याची माणसं काम टाकून गेली होती. त्या खोलीत कुणीतरी जोरजोरात श्वास घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. गोणपाटाचा आणि घामाचा वास येतो, तोही भर उन्हात, आणि आत तर गोणपाटाचा चिंधीभरही तुकडा नाही. शिवाय हमालाची बायको रोज दुपारी येते, उंबऱ्याच्या आत पाण्याची बाटली ठेवते आणि खोलीभोवती बांधलेल्या धोक्याच्या दोरीबाहेर बसून राहते. संध्याकाळी ती बाटली रिकामी घेऊन जाते. साहेबांनी त्याला ऊन लागलं असेल म्हणून चहा पाजला आणि उद्या मोठं यंत्र देतो म्हणून वाटेला लावलं. तो गेल्यावर मात्र स्वतःचा चहा त्यांना प्यावासा वाटला नाही.

आता ही हमालाची खोली म्हणजे काय, ते सांगायला हवं. ज्याचं त्याच्या पदरात घातल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्या खोलीत गोदामातला एक हमाल, त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, अशी तिघं राहत होती. खोलीचं छत खचलं तेव्हा साहेब स्वतः पाहून गेले होते आणि आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी लाकडी टेकू लावायला सांगितले होते. ती माणसं त्या टेकूंमधून वाट काढत राहायला शिकली. एका टेकूला मुलीचं दप्तर, दुसऱ्याला बापाचा सदरा. मुलगी त्यांच्याभोवती शिवणापाणी खेळायची म्हणे.

मग वरून मोठे अधिकारी भेटीला येणार असं ठरलं, आणि नेमका खात्याच्याच सभागृहात छताचा गिलावा फुगला. तोही बरोबर मुख्य खुर्चीच्या वर. गावभरच्या इमारती सांभाळणाऱ्यांच्या घरातच पाहुण्याच्या डोक्यावर गिलावा पडायचा म्हणजे नाकच कापलं जायचं. भांडारात एकही टेकू शिल्लक नव्हता. साहेबांनी दोन रोजंदारीची माणसं घेतली, गोदामांच्या गल्लीत गेले आणि हमालाच्या खोलीतले टेकू काढून आणले. दोन दिवसांत परत लावतो, असं त्यांनी सांगितलं. सभागृहात त्या टेकूंना रंगीत कापड गुंडाळलं, तेव्हा ते इतके शोभून दिसले की हे खांब कधी बांधले, असं एकाने विचारलं. मोठे अधिकारी त्या दिवशी आले नाहीत. मग पुढची तारीख ठरली, मग तिच्याही पुढची. टेकू इकडे कापड नेसून उभे राहिले आणि तिकडे छत वाऱ्यावर.

ते एका सकाळी आलं. मुलगी तापाने खोलीच्या आतल्या बाजूला निजलेली होती. बायको पाणी भरायला गेली होती. हमाल दारात होता, एक पाऊल टाकलं असतं तर तो सुटला असता. मागचं अर्धं छत मुलीवर कोसळलं आणि पुढचं अर्धं कलायला लागलं, तेव्हा तो बाहेर नाही, आत गेला. त्याने त्या छताला खांदा लावला आणि पोरीला ओढून काढा म्हणून ओरडत राहिला. गल्लीत माणसं होती. त्यांनी ऐकलं. त्या छताखाली शिरायची हिंमत कुणाची झाली नाही, आणि त्यांना बोल लावता येणार नाही. अग्निशमन दलाची माणसं आली तेव्हा मुलगी गेलेली होती आणि हमालही गेलेला होता. तो मात्र उभा होता. त्याला खालून ओढून घेतला आणि सगळे जीव मुठीत धरून बाहेर पळाले, कारण आता छत येणार होतं. छत आलं नाही. ते तेव्हापासून तसंच होतं.

त्याच संध्याकाळी सभागृहातल्या टेकूंचं कापड सुटलं आणि ते भांडारात जाऊन पडले. साहेबांनी चौकशीत सांगितलं की टेकू जागेवरच होते, ढिगाऱ्याखाली गेले असतील. रोजंदारीची माणसं दुसऱ्या गावी कामाला निघून गेली. हमालाच्या बायकोला कुणी विचारलं नाही. पण इमारत का पडली, याचा अहवाल बाहेरच्या इंजिनियरकडून घ्यावा लागणार होता, आणि इथे साहेबांनी आपल्या मते मोठं डोकं चालवलं. त्यांची एकुलती एक मुलगी एका खाजगी कचेरीत इंजिनियर होती. इकडे शब्द टाकून, तिकडे शब्द टाकून त्यांनी ते काम तिच्याच पदरात पडेल असं केलं. घरची पोर आहे, सांभाळून लिहील. आपल्या हाताने आपण तिला कुठे पाठवतो आहोत, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा ती आधीच आलेली होती. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. ती जेवायला बसली तरी बोटांना धूळ, केसांत धूळ, आणि डोळ्यांत लहानपणी कोडं सुटत आलं की यायची ती चमक. साहेबांना तिचं फार कौतुक होतं. ते कधी बोलून दाखवत नसत, पण खात्यातल्या प्रत्येकाने तिचे परीक्षेचे गुण साहेबांच्या तोंडून निदान दोनदा ऐकलेले होते.

"बाबा, ढिगारा सगळा उपसला," ती म्हणाली. "एकही टेकू सापडला नाही."

"लाकूडच ते. माणसं जळणाला नेतात."

"तुकडासुद्धा नाही? आणि जमिनीवर त्यांचे व्रण आहेत, पण व्रणांवर केर बसलेला आहे, त्या केरावरून खाट सरकवलेली आहे. म्हणजे पडायच्या आधीच ते तिथे नव्हते." ती ताटातलं बाजूला सारून पुढे झुकली. "ते कुठे गेले, एवढंच मला कळायला हवंय. तेवढं कळलं की अहवाल संपला."

साहेबांनी घास गिळला. पाण्याचा पेला उचलला.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. उरलेलं छत राहायलाच नको होतं. तिने आकडेमोड पुन्हा पुन्हा करून पाहिली, दुसऱ्याकडून करून घेतली. त्याला धरून ठेवील असं खाली काहीच नाही. म्हणून उद्या दुपारी, चांगला उजेड असताना, ती आत जाऊन खालून मापं घेणार होती.

"आत जायचं नाही," साहेब एकदम म्हणाले.

"का?"

सांगायचं असतं तर आत्ताच सांगायचं होतं. टेकू मी काढले, एवढं एक वाक्य. तेवढं बोलले असते तर पोर रागावली असती, रडली असती, कदाचित घर सोडून गेली असती, पण तिला त्या खोलीत जायचं काही कारणच उरलं नसतं. साहेबांना हे त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. आणि कळत असूनही त्यांनी, ज्या माणसाने सगळा जन्म वेळ मारून नेली तो जे करील तेच केलं. धुळीने तुझा दमा वाढेल, असं ते म्हणाले. ती हसली. दमा तिला सातवीत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कुणालाही आत सोडू नये असा निरोप शिपायाबरोबर पाठवला. निरोप निघाला तो खात्याच्या चालीने निघाला. वाटेत तो कुठे चहाला थांबला की कुणाच्या टेबलावर बसला, देव जाणे. दुपारी मुकादमाचाच फोन आला.

"ताई आत गेल्यात, साहेब. आम्ही नको म्हणालो." मग त्याने आवाज उतरवला. "आणि ते आज... रोजच्यासारखं नाही. ताई आत गेल्यापासून श्वास थांबलाय."

साहेब गोदामांच्या गल्लीत पोचले तेव्हा ऊन रणरणत होतं. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. गोदामांची दारं लोटलेली. रस्त्यात माणूस नाही. मोकळ्या झालेल्या जागेच्या मधोमध ती एकटी खोली उभी होती, दाढ काढताना राहून गेलेल्या तुकड्यासारखी. यंत्र बाजूला बंद पडलं होतं आणि मुकादम यंत्राच्याही पलीकडे उभा होता. दोरीपाशी, पालथ्या बादलीवर, हमालाची बायको बसलेली होती. तिने साहेबांकडे पाहिलं आणि त्यांना जागा द्यावी तशी थोडी सरकली.

"बाई, आत कोण आहे?"

"तुमची मुलगी आहे." ती उठली नाही. "आणि आमचे हे आहेत."

साहेब दोरीपाशी गेले. "ते गेले, बाई."

"गेले असते तर छत राहिलं असतं का?"

हे तिने भांडल्यासारखं विचारलं नाही. पोराने शाळेत शिकलेलं घरी विचारावं तसं विचारलं. साहेबांनी दोरी उचलली, पण पाय पुढे जाईना.

"तुम्हीच सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "टेकू काढताना हे म्हणाले, साहेब, मग वरचं राहील कशावर? तुम्ही म्हणालात, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, तोवर तू लाव खांदा. तुझा तर धंदाच आहे. सगळे हसले होते. हेसुद्धा हसले होते, तुम्ही साहेब म्हणून."

उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबांना ते आठवतही नव्हतं. आणि मग आठवलं, नको तितकं स्वच्छ आठवलं. त्या बोलण्यावर सर्वांत मोठ्याने कोण हसलं होतं, तेही आठवलं. ते स्वतःच हसले होते.

"बाई, तुम्ही सांगा त्यांना," ते म्हणाले, आणि आपला आवाज रडका झाल्याचं त्यांना ऐकू आलं. "तुमचं ऐकतील. माझी पोर आत आहे."

"माझीही होती," ती म्हणाली. "मी सांगून पाहिलं. म्हटलं, ठेवा आता, बसा घटकाभर. ते म्हणतात, भरलं ओझं मध्येच टाकता येत नाही. दुसरा खांदा आला की ठेवतो."

साहेब आत गेले. त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी एवढी एक गोष्ट आहे, ती सांगितली पाहिजे. त्यांची पाचावर धारण बसली होती, पण ते आत गेले.

आत बाहेरच्यापेक्षा गार होतं. उंबऱ्यापाशी पाण्याची बाटली होती, अर्धी रिकामी. वरचं छत दारापासून आत चार हातांवर तुटलेलं, तुटलेल्या कडेतून सळया बाहेर आलेल्या, आणि त्यापलीकडे उघडं आभाळ. तिन्ही बाजूंना तडकलेल्या उंच भिंती, बाहेर पडायला दार तेवढं एकच. मुलगी त्या कडेखाली गुडघ्यांवर बसून मापाची फीत धरत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि तिला आनंद झाला.

"बरं झालं आलात, बाबा. हे बघा."

तिने बोट दाखवलं तिथे जमिनीवरच्या धुळीत दोन पावलं उमटलेली होती. अनवाणी, फताडी, टाचा आत रुतलेल्या. त्या पावलांकडे येणारं पाऊल नव्हतं. तिथून निघणारंही नव्हतं. फक्त ती दोन, थोडी फाकवलेली, ओझं घेतलेला माणूस उभा राहतो तशी.

"मघाशी आत आल्याआल्या मी इथे झाडून घेतलं होतं," ती म्हणाली. "मग ही..."

"बाहेर चल."

"एकच माप राहिलंय."

"बाहेर चल म्हणतो ना..."

गोणपाटाचा वास आला. आधी थोडा, मग एकदम जवळून, कुणी घामेजली पाठ तोंडापाशी आणावी इतक्या जवळून. मुलीच्या हातातली फीत खाली पडली. वर काहीतरी कुरकुरलं आणि छत एका बाजूने वीतभर खाली आलं, दाराच्याच बाजूने. उंबऱ्यावर धुळीचा पडदा पडला. मुलगी आत होती आणि दार मिटत चाललं होतं.

साहेबांनी विचार केला नाही. विचार करायला ते थांबले असते तर वेगळं काही झालं असतं. त्यांनी दोन्ही हात वर केले, छताची कड पकडली आणि मान वाकवून उजवा खांदा तिच्याखाली सारला.

आणि वजन आलं.

ते वरून पडलं नाही. कुणीतरी ते हलकेच, अंदाज घेत, त्यांच्या खांद्यावर दिलं. आधी थोडं, मग आणखी थोडं, मग सगळं. साहेबांच्या कानात घंटा वाजायला लागल्या. कचेरीत फायलीसुद्धा शिपायाने उचलाव्यात असा तो खांदा, त्याच्यात हाडं किती आहेत ते त्यांना त्या दुपारी एकेक करून कळलं. पण छत थांबलं. उंबऱ्यावर माणूस वाकून जाईल एवढी फट राहिली.

"जा," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही..."

"जा..."

ती त्यांच्या हाताखालून वाकून गेली. उंबऱ्यापलीकडे उन्हात उभी राहून तिने मागे पाहिलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. आकडे खोटे ठरवून छत उभं होतं, आणि ते तिच्या बापाच्या खांद्यावर उभं होतं. हलू नका, मी टेकू घेऊन येते, असं ती ओरडली आणि मुकादमाला हाका मारत धावली. तिची पावलं लांब गेली. साहेबांना इतकं बरं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. पोर सुटली होती. आता काय व्हायचं ते होवो.

खोलीत कुणीतरी लांब श्वास सोडला.

तो साहेबांचा नव्हता. त्यांच्याच शेजारी, पाठीमागे जरा डावीकडे, कुणाच्या तरी मानेची हाडं कडकड वाजली. मग बोटांची. मग दिवसभर ओझी वाहिलेला माणूस घरी येऊन भिंतीला टेकून बसतो, तसं कण्हत कुणीतरी खाली बसलं. बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला. समोरच्या धुळीतली ती दोन पावलं आता साहेबांच्या बुटांखाली होती.

बाहेर मुलगी मुकादमाशी भांडत होती. भांडारात टेकू आहेत का विचारत होती. आणायला माणूस गेला होता. मुकादम तिला दोरीपलीकडे धरून ठेवत होता आणि साहेबांनी मनातल्या मनात त्याला आशीर्वाद दिला. धर, बाबा. सोडू नकोस तिला. त्यांना हे ओरडून सांगायचं होतं, पण छातीतला वारा थोडा जरी सुटला की छत बोटभर खाली यायचं आणि तोंडून शब्द निघायचा नाही. ते नुसते श्वास धरून उभे राहिले.

"बाबा," तिने बाहेरून हाक मारली. "बरे आहात ना? बोला काहीतरी."

आणि कुणीतरी बोललं.

साहेबांचे ओठ मिटलेले होते. आवाज त्यांच्या कमरेच्या उंचीवरून आला, जिथे तो खाली बसलेला होता तिथून. पण आवाज साहेबांचा होता. तोच जरा नाकातला सूर, तोच शब्द ओढण्याचा ढंग. कुणी साहेबाचं बोलणं मान खाली घालून, नीट कान देऊन ऐकलेलं असावं, तसा हुबेहूब.

"टेकू कुठे गेले ते विचारत होतीस ना," तो आवाज म्हणाला. "मीच नेले गं. सभागृहात लावायला. त्या माणसाची पोर त्यामुळे गेली."

बाहेर सगळं शांत झालं. मुकादमही बोलायचा थांबला.

"बाबा?" तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"तुला सगळं सांगायचंय. असं ओरडून नाही सांगता येत. जरा आत ये."

साहेबांना त्या क्षणी कळलं की आपल्या हातात एक उपाय आहे. खांदा काढायचा. छत पडू द्यायचं, आपल्यावर पडू द्यायचं, आता, ती येण्याच्या आधी. मरणाची भीती त्यांना मुळीच वाटली नाही, आणि याचं नवल करायलाही त्यांना वेळ नव्हता. त्यांनी गुडघे सोडले.

गुडघे वाकले नाहीत. त्यांच्या कोपराखाली एक हात आला होता. खरबरीत, घट्टे पडलेला, ओला. नवा हमाल पहिल्या ओझ्याखाली डगमगला की जुना हमाल त्याला कोपराला धरून सावरतो, तसा त्याने साहेबांना सावरून धरलं. रागाने नाही. शांतपणे, कामातला माणूस धरतो तसं.

बाहेर दोरी उचलल्याचा आवाज आला. ताई, नका, असं मुकादम म्हणाला, आणि मग हमालाच्या बायकोचा आवाज आला, की जाऊ द्या त्यांना, बाप बोलावतोय. साहेबांनी डोळे खाली वळवले, तेवढेच त्यांना वळवता येत होते. उंबऱ्यावरच्या उन्हात आधी तिची सावली आली. मग तिने हेल्मेट काढून हातात घेतलं, कारण दाराची फट आता फारच कमी राहिली होती आणि ते घालून तिला वाकता येत नव्हतं.

"आले, बाबा," ती म्हणाली.